मराठीसाठी दोन दाबा

नव्वदच्या सुमाराला मी बोईसरच्या एका कारखान्यात गेटवर होतो. वायू सुटला तर गावकऱ्यांनी फोन करावा, कुठे पळायचं ते मशीन सांगेल, अशी सोय आमच्या साहेबांनी काढली. माणसानं सांगितलं तर लोकांना समजलं असतं, म्हणून मशीन.

आवाज भरायला मुंबईहून एक बारीकसा माणूस आला. प्रत्येक वाक्याआधी कोमट पाणी प्यायचा, डोळे मिटायचा आणि पंखा बंद करायला मलाच पाठवायचा. आधी सगळी सूचना इंग्रजीत, मग “हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा.” आवाज इतका गोड, की वायूसुद्धा ऐकत थांबला असता.

मी चौथी नापास. तरी म्हटलं, “भाऊ, आमच्या गावात एकच फोन हाय, दुकानातला. त्याला गोल तबकडी हाय. दाबू काय, दुकानदाराचा गळा?”

साहेब हसले. तो मुंबईचा माणूस हसला नाही. माझ्या सायकलवर मागे बसून गावात आला. दुकानातून मशीनला फोन लावला, दोनच्या भोकात बोट घालून तबकडी फिरवली, परत फिरवली. मशीन आपलं इंग्रजीतच.

“मामा, चूक माझी,” म्हणाला. कारखान्यात येऊन त्यानं मराठी सगळ्यात आधी लावली, काही न दाबता ऐकू येईल अशी.

साहेब भडकले. “मराठी पहिली कशाला?”

त्यानं वायर गुंडाळता गुंडाळता सांगितलं, “वायू आधी या गावकऱ्यांकडेच जाणार आहे, साहेब.”