सुमनबाईच्या खोलीचा हिशोब

धुळ्याच्या कापूस बाजारात भाईदास वजनं करायचे. कापसाचं ओझं काट्यावर चढलं की ते आकडा असा पुकारायचे, की पार फाटकाशी बसलेल्या दलालालाही ऐकू जावा. घरी मात्र बोलायला कुणी नव्हतं. आईबाप लवकर गेले. धाकट्या सुमनचं लग्न त्यांनीच लावलं, स्वतःचं राहून गेलं. एकदा शिरपूरकडची मुलगी ठरली होती, पण त्याच साली ती तापाने गेली. पुढे कुणी विषय काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही.

सुमन शिंदखेड्याला दिलेली. सव्विसाव्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून दिराच्या घरी राबत होती. छप्पन साली राखीपौर्णिमेला भाईदास गेले, तर तिचं अंथरूण सरपणाच्या खोलीत आलेलं दिसलं. घरात दोन सुना आल्या होत्या, जागा पुरत नव्हती. निघताना ते म्हणाले, "सुमन, धुळ्याले चाल. मन्हं घर तुन्हंच शे."

ती दारापर्यंत सोडायला आली. मग म्हणाली, "दिवाळीनंतर येसू."

भाईदासांचं घर म्हणजे पांझरा नदीकाठी एकच खोली, वर मातीचं सपाट धाब्याचं छत, मागे रिकामं परस. बाईमाणूस यायचं तर तिला स्वतःची खोली हवी, आडोशाची न्हाणी हवी. त्यांनी पुना गवंड्याला बोलावलं. पुनाने दोरीने परसाची मापं घेतली, आणि दोघे ओट्यावर बसले. पुना सांगत गेला, भाईदास वहीत लिहीत गेले: विटा, पांझरेची वाळू, पत्रे, सागाची चौकट, मजुरी. जुन्या खोलीच्या तुळयांना वाळवी लागली होती, त्याही बदलायच्या होत्या. बेरीज आठशे पंधरा झाली. पोस्टात होते सहाशे चाळीस.

"आबा, इतला पैसामा बठ्ठं नही होवाव," पुना म्हणाला.

भाईदासांनी आपल्या खोलीच्या तुळयांवर रेघ मारली. एकशे चाळीस वाचले. "मन्हा घरले टेकू लाव," ते म्हणाले. चुन्याच्या गिलाव्याऐवजी मातीचा धरला, पस्तीस वाचले. हिशोब बसला.

खरं तर काम तिथेच संपलं होतं. पण पुढच्या रविवारी भाईदासांनी पुनाला पुन्हा बोलावलं. खिडकी पूर्वेला घेतली तर किती वाढतील? त्याच्या पुढच्या रविवारी कोनाड्याचं निघालं. पुना चहा घ्यायचा, खर्च सांगायचा आणि मग लेकीच्या सासरच्या गोष्टी काढायचा. भाईदास ऐकत बसायचे. रविवारी सकाळी उठून ते ओटा झाडून ठेवू लागले. कपबशी एकच होती, दुसरी आणली.

पाचव्या की सहाव्या रविवारी पुना हसत म्हणाला, "आबा, खोली बांधनी शे का नुसती लिखनी शे?"

भाईदास ओशाळले. "दसऱ्याले लाग कामाले," एवढंच बोलले.

भिंती उभ्या राहिल्या, पत्रे परसात येऊन पडले. दिवाळीला चार दिवस असताना शिंदखेड्याहून कार्ड आलं. सुमनला लिहिता येत नव्हतं, अक्षर शाळामास्तरांचं होतं. थोरली सून बाळंतपणात गेली. मूल जगलं आहे, माझ्यापाशी आहे. भावाने वाट पाहू नये.

भाईदास दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने गेले. सुमनच्या मांडीवर मुठीएवढं पोर होतं, आणि ती शेळीच्या दुधात फडकं बुडवून त्याच्या ओठांशी धरत होती. तिचं अंथरूण आता मधल्या खोलीत आलं होतं. दीर दोन वेळा येऊन विचारून गेला, "वहिनी, काही लागे का?" इतक्या वर्षांत असं त्याने विचारलेलं भाईदासांनी कधी ऐकलं नव्हतं.

"भाऊ, हाई पोरगं मन्हाबिगर ऱ्हात नही," सुमन म्हणाली. "तुले राग उना का?"

"नही. कसाना राग?"

"खोलीनं काय?"

"सुरूच कयी नही आखो," भाईदास म्हणाले.

परत आल्यावर पुनाने सुचवलं की पत्रे दुकानदार परत घेईल, त्या पैशात तुळया होतील. भाईदासांनी ऐकून घेतलं आणि पत्रे चढवायला सांगितलं. आठ दिवसांत न्हाणीसुद्धा झाली. मग पुना जळगावकडच्या कामावर निघून गेला आणि रविवार मोकळे पडले.

नव्या खोलीत त्यांनी आठवडाभर झोपून पाहिलं. थंडीने पत्रा कडकड वाजायचा. खोलीत कुणाचंच काही नव्हतं, त्यांचंही नाही. ते पुन्हा जुन्या खोलीत आले.

वैशाखात आखाजीला सुमन आली, सहा-सात महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन. लेकी माहेरी येतात तो सण, आणि तिला माहेर म्हणून हे एवढंच. परसात पाऊल टाकताच ती थबकली.

"तू ते बोलना व्हता, सुरूच नही म्हनीसन."

"नंतर बांधी," भाईदास म्हणाले.

भिंत दिवाळीआधीचीच आहे हे तिला कळत होतं. तिने गिलाव्यावरून हात फिरवला, डोळ्याला पदर लावला, आणि पोराची झोळी कुठे टांगायची ते बघू लागली. चार दिवस घरात रडणं, हसणं, भांड्यांचा आवाज होता. पाचव्या दिवशी भाईदासांनी दोघांना गाडीत बसवून दिलं.

पुढे दर आखाजीला ती आली, चारच दिवस. बाकीचं वर्ष खोलीला कडी असायची. साठ सालापर्यंत भाईदासांना एक सवय लागली होती. रविवारी ते एस.टी. स्टँडवर जाऊन बाकावर बसत. शिंदखेड्याची गाडी लागली की कंडक्टरला विचारत, "आज गर्दी शे का?" तो म्हणे, "या ना आबा, जागा शे." ते नकारार्थी मान हलवत, आणि गाडी सुटेपर्यंत बाकावरच बसून राहत.