आबांचा डावखुरा हिरो

मित्रांनो, सुरतेच्या बसमध्ये बसून लिहितोय. अंग पार मोडलंय, काही चुकलं तर समजून घ्या.

भाऊबीजेला एका दिवसाची सुट्टी मिळाली म्हणून घोटीजवळ आमच्या गावी आलो होतो. ताईपण आलेली. आमचे वडील, आबा, सकाळपासून मागं लागले, की त्यांच्या लहानपणीचा पिक्चर मोबाईलवर सापडलाय, टीव्हीला लावा, सगळे मिळून बघू.

लावला. मी अर्धा झोपेत. तेवढ्यात आबा म्हणले, "हे खोटं हाय. हिरो डावखुरा होता. हा उजव्या हातानं कसा मारतोय?"

ताई हसली. आई म्हणली, "अहो, गणपतीत गावात पडदा लावायचे तेव्हा पुरुष पुढं अन् बायापोरं पडद्यामागं बसायची. तुम्ही लहानपणी सासूबाईंजवळ मागं बसून उलटा पाह्यला."

आबांना पुढं बघवेना. मला कसंतरी झालं. उठलो, दाढीचा आरसा त्यांच्या हातात दिला अन् टीव्हीकडं पाठ करून बसवलं.

आरशात बघून म्हणले, "हां. हा माझा."

मग आम्ही सगळेच पाठ करून बसलो, एका आरशात डोकी घालून.

पण माझी बस होती. मध्येच उठावं लागलं. आत्ता आबांना फोन करून शेवट विचारला तर म्हणतात, "सांगणार नाय. आम्हीपण तिथंच थांबवलाय. ये बघायला."

पुढची सुट्टी कधी, ते शेटलाच माहीत. तुमच्यापैकी कोणाचा घरी असा अर्धा पिक्चर राहिलाय का?