निळ्या पेन्सिलीतला चेहरा

माझ्या लाडक्या दोघांनो,

आजी हल्ली घराच्या फाटकावर चित्रं लावते आणि सांगून ऐकत नाही, अशी तक्रार तुमच्या बाबांनी तुमच्याजवळ केली असेलच. तक्रार खरी आहे. चित्रं उतरव, असं ते दर रविवारी फोनवर सांगतात. मी उतरवणार नाही. का, ते क्रमाने सांगते, कारण ही हकिगत अर्धी तुम्ही राहता त्या देशातली आहे.

नागपूरला इंग्रजीत एम.ए. करत असताना सीताबर्डीच्या रद्दीत मला सहा जुन्या अमेरिकी पुस्तिका मिळाल्या. तिकडे एके काळी पोस्टाने चित्रकला शिकवत. शेतावरची, कारखान्यातली मुलं धडे मागवत, चित्र काढून पाठवत, ते दुरुस्त होऊन परत येई. आणि त्यांतलेच काही पुढे वर्तमानपत्रांचे व्यंगचित्रकार झाले. माझी चित्रं दुरुस्त करणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच लाल शाईने खुणा करायची आणि बहुतेक वेळा स्वतःला नापास करायची.

वणीच्या शाळेत नोकरी लागली तरी तो नाद सुटला नाही. त्या चित्रकारांची आयुष्यं मिळतील तिथून वाचून मी वहीत उतरवत गेले. तुमचे आजोबा म्हणायचे, आपल्या घरात दोन माणसं आणि चाळीस अमेरिकन राहतात. वहीत एक जण असा आहे की त्याने आपलं पात्र हक्कासकट कंपनीला देऊन टाकलं आणि पुढे ते दुसऱ्यांनी काढलेलं बघत बसला. एक बाई आहे. स्वतःच्या नावाने पाठवलेली तिची चित्रं कोणी नीट बघेना, म्हणून तिने पुरुषाचं वाटेल असं नाव घेतलं. आणि एक जुना व्यंगचित्रकार आहे, ज्याच्या चित्रांनी शहर लुटणारे पुढारी हैराण झाले होते. युरोपात जाऊन कला शिका, खर्च आम्ही करतो, असा निरोप त्यांनी पाठवला. हे कुठवर जातात ते पाहायला त्याने रकमेचा आकडा वाढवून घेतला आणि मग नाही म्हटलं. हा माझा सगळ्यांत आवडता.

निवृत्त झाल्यावर इथल्या एका साप्ताहिकात मला चित्रासाठी एक कोपरा मिळाला. अकरा वर्षं मी तो चालवला. सही मात्र ‘एक वाचक’ अशी. बाईमाणसाचं नाव, त्यात शिक्षिकेचं, कशाला उगाच वादात, असं संपादक म्हणाले आणि मी मान्य केलं. त्या अमेरिकी बाईची हकिगत माझ्याच अक्षरात वहीत होती, तरी मान्य केलं.

आता माझी चूक सांगते. त्या पुस्तिकांत शिकवलं होतं की कच्चं चित्र फिकट निळ्या पेन्सिलीने काढावं आणि पक्कं वरून काळ्या शाईने. छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळं दिसत नाही, त्यामुळे खोडायची गरज नाही. तिकडचे सगळे तसंच करत, मीही करत आले. छापखान्यात यंत्रावर चित्र घेताना निळं वगळलं जाई. गेल्या उन्हाळ्यात ते यंत्र बिघडलं. संपादकांनी चित्राचा मोबाइलवर फोटो काढला, फिकट आला म्हणून गडद केला आणि छापला. मोबाइलला सगळं दिसतं, हे माझ्या पुस्तिकांना कुठून ठाऊक असणार?

चित्र असं होतं: गच्चीवर एक बाई कुरडया वाळत घालते आहे, खालून ताडपत्री न टाकलेला कोळशाचा ट्रक चालला आहे आणि कुरडया काळ्या पडल्या आहेत. ट्रकवर बसलेला माणूस शाईत बिनचेहऱ्याचा होता. पण त्याखाली निळ्या पेन्सिलीत मी खरा चेहरा काढला होता, कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराचा. मग घाबरून वरून नुसता गोल गिरवला होता. छापून आलेल्या अंकात त्या गोलाच्या आत ठेकेदार स्पष्ट दिसत होता, मिशीसकट.

हा ठेकेदार नववीत माझा विद्यार्थी होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला, पाया पडला आणि खुर्चीत बसून अंक माझ्यासमोर ठेवला.

“बाई, हा मीच आहो ना?”

मी म्हटलं, “तूच आहेस.”

“अख्खं वणी मले काळी कुरडई म्हणून राह्यलं. माह्या घरची बाईसुद्धा हासते. काहून काढलं असं?”

“ट्रक झाकत नाहीस म्हणून. शेजारणीने यंदा दोनदा कुरडया फेकल्या.”

त्याने अंक घडी करून बाजूला ठेवला. मग अगदी प्रेमाने म्हणाला की शाळेच्या चित्रकलेच्या खोलीला तो रंग लावून देईल, वर माझ्या नावाची पाटीही बसवेल. मी फक्त पुढच्या अंकात लिहायचं की तांत्रिक चुकीने भलताच चेहरा छापला गेला. मला माझ्या वहीतला, युरोपचा खर्च नाकारणारा तो जुना व्यंगचित्रकार आठवला आणि हसू आवरेना. चहा दिला, पण लिहून देणार नाही म्हणून सांगितलं.

“बाई, मी इज्जतीनं आलतो,” जाताना तो म्हणाला.

“मीपण इज्जतीनंच बोलले ना रे?”

दुपारी संपादक आले. खुलासा त्यांनी टाइप करूनच आणला होता, खाली सहीपुरती जागा. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. ठेकेदाराच्या जाहिराती बंद झाल्या तर अंक निघणार नाही, हे त्यांनी मला नीट समजावलं. खुलासा खोटा नाही, असंही म्हणाले. चूक तांत्रिकच होती. तिथे मी जरा अडले. मग म्हटलं, चेहरा दिसला ती चूक तांत्रिक. चेहरा काढला ती चूकच नव्हती. चूक झाली असेल तर त्यावर गोल गिरवला ती, आणि ती माझी.

“मग कोपरा बंद करावा लागेल, मॅडम.”

“करा.”

अकरा वर्षांचं काम एका शब्दात सुटलं. ते गेल्यावर मी जुने अंक काढून दिवे लागेपर्यंत चाळत बसले होते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. बाबांना सांगू नका.

दुसऱ्या दिवशी मी तेच चित्र मोठ्या कागदावर पुन्हा काढलं. या वेळी ट्रकवरच्या माणसाला शाईत चेहरा दिला आणि कोपऱ्यात ‘एक वाचक’ऐवजी माझं पूर्ण नाव लिहिलं. मग ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकाला तारेने बांधलं. आमचं फाटक चंद्रपूरच्या रस्त्यावर आहे. दिवसभर ट्रक जातात, बायका भाजी घेऊन थांबतात, चित्र बघतात, नाव वाचतात. तेव्हापासून दर गुरुवारी नवं चित्र लागतं. एक चित्र कोणीतरी फाडून नेलं, तर मी तेच परत काढलं आणि तार दुहेरी बांधली. ट्रक अजून उघडेच जातात. एखाददुसरा झाकलेला दिसतो, पण तो त्याचाच आहे की नाही, मला ठाऊक नाही.

बाबा म्हणतात, या वयात वैर कशाला घेतेस. त्यांची काळजी मला कळते. त्यांना सांगा की आजी दाराला कडी लावते, गोळ्या वेळेवर घेते आणि चित्रं काढते. या गुरुवारच्या चित्रात संपादक आहेत. आज सकाळी त्यांचा चेहराही शाईत पक्का केला.