भेसळ न्हाई

तिची शिरोरेघ मला बघवत नसे. पांढरं अस्तर दिलेल्या पत्र्यासमोर ती उभी राहायची, ब्रश रंगात बुडवून डबीच्या काठावर निपटायची आणि डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढून मोकळी व्हायची. मी हाताला आधार म्हणून धरलेल्या काठीवर मनगट टेकवून, श्वास रोखून तीच रेघ ओढायचे, तरी मध्ये कुठेतरी ती जाड व्हायचीच. मग चिंधीने पुसा आणि पुन्हा सुरू करा. पुसताना मी तिच्याकडे बघायचे नाही, पण ती बघत असणार याची मला खात्री असायची.

नव्वदनंतरची ती वर्षं. सांगलीतल्या एका संस्थेने वस्तीतल्या, शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी योजना काढली होती. सकाळी चित्रकलेचा वर्ग, दुपारी एखाद्या पेंटरकडे नाहीतर छापखान्यात काम, आणि महिनाअखेरीला हातात विद्यावेतन. चित्रं काढायचे पैसे मिळतात, हे आईला पटायलाच बरेच दिवस लागले. मला आणि त्याच वर्गातल्या तिला हळदीच्या बाजाराजवळ पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडे पाठवलं. त्यांना आम्ही काका म्हणायचो. काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, वर्ष संपलं की दोघींपैकी एकीलाच पगारावर ठेवता येईल. तोवर ती मला बरी वाटत होती.

ती म्हसवडकडची. घरची मेंढरं विकून मंडळी मावशीच्या आधाराने सांगलीत आली होती. गाव सुटलं, बोलणं सुटलं नव्हतं. ‘लय’, ‘हाय’, ‘कवा’, ‘न्हाई’ सगळं जसंच्या तसं. या एका बाबतीत मी तिच्यापेक्षा वरचढ होते आणि ते मी तिला विसरू देत नसे. वर्गात बाई काही विचारायच्या तेव्हा मी मुद्दाम पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे.

आमच्या घरात ‘न्हाई’ म्हणायला बंदी होती. ती आईनेच घातलेली. स्वतः ती ‘न्हाई’च म्हणायची, पण माझ्या तोंडून आलं की लाटणं खाली ठेवून मला ‘नाही’ म्हणायला लावायची. बोलण्यावरून आपल्याला कुणी जोखता कामा नये, असं तिचं म्हणणं. विहारात संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथे ती नुकतीच वाचायला शिकली होती. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांसमोर थांबून बोटाने एकेक अक्षर जोडत राहायची. मी पाट्या रंगवते याचं तिला जे काही वाटत असे, ते त्या थांबण्यात असायचं.

एकदा काका मला भिंत रंगवायला मिरजेला घेऊन गेले. आम्ही नसताना एक हळदीचे व्यापारी दुकानात आले, पाटीवर काय लिहायचं ते तिला तोंडी सांगून गेले. आम्ही परतलो तेव्हा पाटी तयार होऊन भिंतीला टेकली होती. हळदीच्या पिवळ्यावर तांबडी अक्षरं. काठाला एक हळकुंडही काढलेलं, तेही झकास. आणि खाली ठळक ओळ: ‘आमच्याकडं भेसळ न्हाई’.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी ती चूक काकांना लगेच, मोठ्याने वाचून दाखवली. एवढा तेलरंग वाया गेला, असंही वर जोडलं. तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय चुकलं ते तिला खरंच कळलेलं नव्हतं.

“आवं काका,” ती म्हणाली, “ते बोलले तसंच लिवलं की.”

काका तिच्यावर चिडले नाहीत, याचाच मला जास्त राग आला. त्यांनी व्यापाऱ्यांना निरोप धाडला. ते स्कूटर लावून आत आले, पाटीसमोर उभे राहिले, आणि गालातल्या गालात हसायला लागले. काका दुरुस्त करून देतो म्हणाले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. हे आपणच बोलतोय असं वाटतंय, राहू दे, असं म्हणून टेम्पो बोलावून पाटी घेऊन गेले.

मग काय विचारता. बाजाराला आलेली खेड्यांतली माणसं त्या पाटीसमोर थांबायची, वाचायची, हसायची आणि त्याच दुकानात शिरायची. गुळाच्या एका अडत्यांना तसलीच पाटी हवी झाली. तेव्हा ती नेमकी यात्रेला गावी गेली होती. काकांनी ब्रश माझ्या हातात दिला. एवढी एक पाटी जमली तर जागा माझी, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी दुपारभर खडूने लिहून पुसत राहिले. बोली मला ऐकून पाठ होती, पण हातातून उतरेना. ‘इथं’ लिहिलं की हात आपसूक ‘येथे’ करायला जायचा. शेवटी जे झालं ते ‘येथे उत्तम प्रतीचा गूळ मिळेल’. शिरोरेघ मात्र आयुष्यात पहिल्यांदा सरळ आली होती. अडत्यांनी ती वाचली आणि काकांना विचारलं, “ही कुणी लिवली, सरकारनं?”

काका हसले. मीही हसले, आणि मागे जाऊन ब्रश रॉकेलमध्ये खळबळून ठेवले. यात्रेहून आल्यावर तिने ती पाटी बघता बघता करून टाकली. जागा तिला मिळाली. मिळायलाच हवी होती, हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त जळत होतं.

योजना संपत आली तेव्हा आईने हट्ट धरला, तुझं काम दाखव. मी तिला बाजारात नेलं. दोन-चार पाट्यांपुढे ती नेहमीसारखी अक्षरांवर बोट रोखून थांबली, अक्षरं जोडत, अडखळत. माझी एक होती त्यांत, ‘शुद्ध व स्वच्छ हळद पावडर’. ‘शुद्ध’वर तर ती बराच वेळ अडली.

पुढे ती पिवळी पाटी आली. या वेळी आईने अक्षरं जोडायला बोट उचललंच नाही. एका दमात वाचून गेली, “आमच्याकडं भेसळ न्हाई.” मग पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. तिचा चेहरा असा फुललेला मी क्वचितच पाहिला होता.

“ही तूच केलीस व्हय?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “नाही.”

तिने शिकवलं होतं तसं, अगदी स्पष्ट.