जुन्या कॉम्प्युटरवर केनवडचा रस्ता

बाबांचा पाय मोडला तेव्हा त्यांना एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरी बसायची सवय त्यांना लागलीच नव्हती. जऊळक्यात आमचं घर स्टेशनच्या जवळ. सकाळचा चहा झाला की ते स्टेशनवर जाऊन कोणती गाडी किती लेट आहे ते पाहून येत. मग फाट्यावर, मग कुणाच्या तरी शेतात, दुपारी जेवायला घरी आणि ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. काम काहीच नसे. जन्मभर ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला एका जागी टिकून राहता येत नव्हतं, एवढंच. असा माणूस न्हाणीच्या पायरीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून खाटेवर आला. वाशीमला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, मी सांगेपर्यंत डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही.

खाट मधल्या खोलीत टाकली होती. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्यांच्या भिंतीकडे उघडणारी. मी वाशीमला शाळेत शिकवते, रेल्वेने जाऊन-येऊन करते. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी आईचं गाऱ्हाणं ऐकायचं.

"पाणी दिलं तं म्हणतेत चादर ओढ. चादर ओढली तं म्हणतेत खिडकी उघड. खिडकी उघडली तं म्हणतेत, तिकडं काय हाये पाह्यसारखं? मी काय करू सांग."

आतून बाबांचा आवाज यायचा, "कोणती गाडी भेटली? लेट होती का?"

टीव्ही त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. दोन-चार दिवस पाहिला, मग तोंड भिंतीकडे केलं. माझा मोबाइल दिला तर त्यांच्या अंगठ्याने सगळं पडद्यावरून पळून जायचं, आणि मधल्या खोलीत रेंजही नव्हती. बोलायचं तर अंगणात तुळशीपाशी उभं राहावं लागे. ते पडल्या पडल्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोटं वाजवत राहायचे. तो आवाज घरभर ऐकू यायचा. मला तो शाळेतही ऐकू यायला लागला होता.

आमच्या गावात तेव्हा नुकतीच इंटरनेटची बारीक काळी वायर खांबाखांबावरून आली होती. मी जोडणी घ्यायचं ठरवलं. नवीन कॉम्प्युटर घेऊ का, म्हणून बाबांना विचारलं.

"नवीन कायले? घरात एक हाये ना."

होता खरा. मी बी.एड. झाल्यावर बाबांनीच घेऊन दिलेला. बरीच वर्षं माळ्यावर जुन्या गोधडीत गुंडाळून पडला होता. खाली काढून पुसला, खाटेशेजारच्या स्टुलावर पडदा ठेवला आणि बटण दाबलं. बराच वेळ घुरघुरला, पण सुरू झाला. मला फार आनंद झाला. पुढचं सगळं सोपं असेल असं मी धरून चालले.

वायर जोडणारा माणूस आला. त्याने पुढच्या खोलीत भिंतीवर पांढरा डबा ठोकला, त्यातले दिवे लावून दाखवले. मग आत येऊन कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं.

"मॅडम, ह्याच्यात वायफाय नाही. जुना हाये. मोबाइल लावून देऊ का?"

"मोबाइल नाही, हाच लावायचा आहे."

"मंग आतपर्यंत वायर ओढून देतो. पुढचं तुमी पाहा."

वायर आईच्या स्वयंपाकघराच्या दारावरून गेली. तिथं लसणाच्या गड्ड्या टांगलेल्या असायच्या. आईने त्या काढून दुसरीकडे टांगल्या आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. वायर कॉम्प्युटरच्या मागे खोचली की तिथं हिरवा दिवा लागतो. आमच्याकडे लागला नाही. वायर काढून पुन्हा खोचली, उलटसुलट करून पाहिली. मग मला आठवलं. पूर्वी आमच्याकडे फोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं. एका उन्हाळ्यात वीज कडाडली आणि फोन, मोडेम दोन्ही गेले. कॉम्प्युटर चालत होता म्हणून तो वाचला असं आम्ही समजलो. वायर खोचायचं त्याचं ते एवढं तोंड तेव्हाच जळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वाशीमच्या बाजारात तीन दुकानं फिरले. नवीन घ्या, सगळ्यांनी हेच सांगितलं. शेवटच्या दुकानात एकाने खोक्यातून शोधून वायर खोचायचं वेगळं तोंड असलेलं जुनं लॅन कार्ड काढून दिलं, चालेल की नाही ते सांगता येत नाही, असं म्हणून. त्यापायी माझी नेहमीची गाडी चुकली. पुढच्या गाडीत बसायला जागा होती, तरी मी दारापाशीच उभी राहिले.

घरी येऊन हातपाय धुण्याआधी मी कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढायला बसले. आत धुळीचा थर आणि पालीच्या अंड्यांची टरफलं. बाबा कोपरावर उठून पाहत होते.

"इस्क्रू वाटीत ठेव. नाहीतं शोधत बसशीन."

"ठेवते."

"ते जोरानं नको दाबू."

"बाबा, मला करू द्या."

आई दारात येऊन म्हणाली, "आंधी चहा घे. तुलेई बसवत नाही, त्यायलेई बसवत नाही."

कार्ड बसलं. हिरवा दिवा लागला. बाबा, मी आणि आई, तिघंही त्या दिव्याकडे पाहत होतो. पण पानं उघडेनात. कुठलंही पान उघडायला गेलं की तोच इशारा: जोडणी सुरक्षित नाही. मी वायर जोडणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, लाइन चांगली आहे, तुमच्या डब्यात दोष आहे. मी ब्राउझर काढून पेनड्राइव्हवरून दुसरा टाकला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. शाळेत तास घेतानाही माझं डोकं त्यातच असायचं. दोनदा फळ्यावर चुकीचा धडा लिहिला, पोरींनी लक्षात आणून दिलं.

शेवटी एके संध्याकाळी त्या इशाऱ्याखालची बारीक ओळ मी नीट वाचली. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे, असं तिथं लिहिलेलं होतं. कोपऱ्यात पाहिलं तर वर्ष कॉम्प्युटर घेतला तेव्हाच्याही आधीचं. तारीख दुरुस्त केली आणि पान धाडकन उघडलं. मी बाबांना हाक मारणार, तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर घड्याळ पुन्हा त्याच जुन्या वर्षात. आमच्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दरवेळी तारीख दुरुस्त करायची.

"लाइन गेली का हा आपला मागं जाऊन बसते," बाबा म्हणाले. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी गंमत होती.

आतला बटणासारखा सेल संपला होता. तो घड्याळाच्या दुकानात मिळाला. मग मात्र सगळं सुरळीत झालं.

मी त्यांना कीर्तन लावून दिलं. बातम्या लावून दिल्या. सोयाबीनचे भाव दाखवले. ते मान हलवत राहिले, आणि हळूहळू बोटं पुन्हा खाटेच्या पट्टीवर गेली.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "पण हे तं टीव्हीतई असते ना माय."

 इतकी धावपळ करून मी त्यांच्यासमोर दुसरा टीव्हीच मांडला होता. मी म्हटलं, "मग काय पाहायचं तुम्हाला? कोणतं गाव दाखवू?"

"गाव दिसते?"

"दिसते."

"मालेगावचा स्टँड दाखव."

मी आमच्या तालुक्याच्या मालेगावचा नकाशा काढला. रस्त्यांच्या रेघा त्यांना समजल्या नाहीत. मग रस्त्यावरची चित्रं उघडली. चित्र तुकड्यातुकड्यांनी यायचं, आधी आभाळ, मग झाडांचे शेंडे, मग दुकानांच्या पाट्या. शेवटचा तुकडा आला तसे बाबा उठून बसायला लागले. त्यांना धरून टेकवलं. ते पडद्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "पुढं कसं जाचं?"

बाण कसा दाबायचा ते दाखवलं. पोटावर पाट ठेवून त्यावर माऊस दिला. पहिले दोन दिवस माऊस घसरायचा आणि गाडी भलत्याच वावरात शिरायची. मग जमलं. एकदा दाबलं की थोडं पुढं जायचं, चित्र येईपर्यंत थांबायचं.

"पिकअप घेत नाही," ते म्हणायचे, पण थांबायचे. कुठं वळण, कुठं नाला, कुठल्या फाट्यावर कोण हात दाखवायचं, हे आईला ऐकवायचे. आई भाजी निवडत ऐकायची. ती जन्मात त्यांच्या गाडीत चार वेळा बसली असेल.

मला वाटलं, सुटलो. तसं नव्हतं. दुपारी शाळेत फोन यायचा. आई मोबाइल घेऊन तुळशीपाशी उभी, आणि आतून बाबा ओरडून सांगायचे, "अवं, ते पुढंच नाही जाऊन राह्यलं. तुही माय म्हणते बंद करून लावा. करू का?"

एके दिवशी मी घरात शिरले तर बोटं जोरजोरात वाजत होती. बाबांनी पडद्याकडे हात केला.

"हे केनवड हाये ना?"

हो, केनवडच होतं. तिथं रस्त्याला लागून एक चहाची टपरी होती. बाबांची गाडी वर्षानुवर्षं तिथं थांबलेली. टपरीवाला मुसलमान, बाबांपेक्षा थोडा थोरला. बाबा त्याला भाई म्हणायचे. मी लहान असताना त्याने एकदा मला बशीत दूध ओतून दिलेलं आठवतं. चित्रात तिथं टपरी नव्हती. रस्ता खोदलेला होता, मातीचे ढीग होते आणि जिथं टपरी हवी तिथं एक सिमेंटचा पाईप पडलेला. बाबा सकाळपासून तेवढ्याच जागेवर पुढं-मागं करत होते.

मी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. "बाबा, हे चित्र काही वर्षांपूर्वीचं आहे."

"मंग आताचं दाखव."

"आताचं नाही दिसत. गाडी फिरवून कधीतरी काढून ठेवलेले फोटो असतात हे."

त्यांनी माऊस सोडला. इतके दिवस आपण आजचा रस्ता पाहतो असं ते समजत होते, हे मला तेव्हा कळलं.

"मंग हे लावलं कायले?"

 मी म्हटलं, आमच्या शाळेतल्या एक बाई तिकडून येतात, त्यांना विचारते. ते म्हणाले, "कोणाले नको विचारू. मी पाह्यतो जाऊन." आणि पडद्याकडे पाठ केली. त्यानंतर पडदा चार-पाच दिवस बंदच राहिला. आईने त्यावर रुमाल टाकून दिला. या माणसाला मी आणखीच बेचैन करून ठेवलं, असं मला वाटत राहिलं. पण वॉकर धरून उभं राहायची परवानगी मिळाली तेव्हा बाबा ज्या हट्टाने रोज अंगणापर्यंत चालले, तो हट्ट मी आधी पाहिला नव्हता. परत येताना दारात थांबून ते विचारायचे, "गाडीत बसाले किती चालता आलं पाह्यजे?"

डॉक्टरांनी गाडीत बसायला हो म्हटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी केनवडला जायला भाड्याची गाडी सांगितली. बाबा पुढच्या सीटवर बसले. मालेगावपर्यंत फक्त गतिरोधक आला की उजवा पाय दाबायचे. मालेगाव मागे पडल्यावर ड्रायव्हरला सांगू लागले, इथं डाव्या अंगानं घे, इथं पाणी साचते. पाणी साचत नव्हतं. रस्ता नवा, रुंद, काळाभोर होता. प्रत्येक वळणाला त्यांना ओळखायला थोडा वेळ लागत होता.

केनवडला टपरी जुन्या जागी नव्हती. विचारलं तर एकाने रस्त्याच्या पल्याडचा एक टिनाचा शेड दाखवला. भाई तिथंच होता. दाढी पूर्ण पांढरी, डोळ्यांना जाड चष्मा. वॉकर पाहून त्याने आधी बाक पुसला.

"आओ, ड्रायव्हरसाब. पाँव को क्या हुआ?"

"न्हाणीत घसरलो."

"इत्ते साल गाडी चलाई, कुछ नहीं हुआ. और न्हानी में गिरे."

बाबा हसले. "दुकान काहून हलवलं?"

"रोड चौडा हुआ ना. सब पीछे सरके. आपको किसने बताया?"

"फोटोत दिसलं नाही. मले वाटलं..."  मग बाबा त्याला कॉम्प्युटरचं समजावून सांगू लागले, की खाटेवर पडल्या पडल्या रस्ता दिसतो, पण जुना दिसतो, आताचा दिसत नाही. भाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"फिर उससे क्या फायदा?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "टाइम जाते."

चहा झाला. दोघांनी कोण आहे, कोण गेलं, कुणाची पोरं कुठं आहेत, याची चौकशी केली. मला वाटलं होतं, बाबा इथं तास-दोन तास बसतील, निवांत होतील. पण थोड्याच वेळात ते बाकावर चुळबुळ करायला लागले. मान वळवून रस्त्याकडे पाहत होते, मेहकरच्या बाजूला. मला वाटलं पाय दुखतोय.

"घरी जायचं का बाबा?"

"तिकडं पूल होता एक. तो बी मोठा केला का काय, पाह्यलं पाह्यजे." त्यांनी वॉकर पुढे ओढला. "भाई, येतो मी."

गाडीचा ड्रायव्हर माझ्याकडे पाहू लागला. मी मागचं दार उघडून बसले. रस्ता पुढं सरळ जात होता. मलाही तो पूल पाहायचा होता.

तेवढ्यात आईचा फोन आला, कुठपर्यंत आलात म्हणून. मी सांगितलं, अजून परत निघालो नाही.