कप्तानांचा डबल

मराठीत हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. आमच्या स्क्वॉश संघाच्या कप्तानांच्या बाबतीत अर्थ नेमका उलटा होता. खेळ ऐन रंगात यायचा, चेंडू भिंतीवर फटाफट आदळत असायचा आणि कप्तान मध्येच थांबून डावा हात वर करायचे. "डबल. माझा डबल."

म्हणजे चेंडूचे दोन टप्पे पडल्यावर माझी रॅकेट लागली, पॉइंट तुमचा. तुम्ही स्क्वॉश पाहिला नसेल तर एवढंच सांगतो : चार भिंतींच्या खोलीत दोघांनी आळीपाळीने समोरच्या भिंतीवर चेंडू मारायचा, आणि दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. चेंडू इतका लहान आणि वेग इतका, की दुसरा टप्पा पडला की नाही हे वर गॅलरीत बसलेल्या पंचालाही पुष्कळदा दिसत नाही. ज्याचं त्यालाच कळतं.

गोष्ट सन पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, आग्रा रोडला लागून आमचा कारखाना होता. इंग्रज अधिकारी आपल्या हौसेसाठी एक कोर्ट बांधून मायदेशी निघून गेले आणि ते आम्हा देशी मंडळींच्या वाट्याला आलं. मी ड्रॉइंग ऑफिसात, कप्तान स्टोअर्सचे मुख्य. पंचेचाळिशी उलटलेली, पोट किंचित सुटलेलं, गुडघ्याला कायम पट्टा. घरी जाताना पाठभर भिंतीचा चुना. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "खेळायला जाता की भिंती पुसायला?"

रविवारी क्वार्टर्सच्या व्हरांड्यात रमी चाले. एकदा शेजाऱ्याची पानं कप्तानांना चुकून दिसली. त्यांनी तत्काळ आपली पानं खाली टाकली. "दिसली रे मला. परत वाटा." तिसऱ्या गड्याची तेव्हा नेमकी रमी लागत आलेली. तो आठवडाभर कप्तानांशी बोलला नाही.

"कप्तान, निदान लीगच्या सामन्यांत तरी गप्प बसत जा," आम्ही म्हणायचो.

"अरे, मला कळलं ना? मग?"

त्या 'मग?'पुढे वाद संपायचा.

एका वर्षी कारखान्याला नवे मॅनेजर आले. त्यांना मालाच्या पिंपांसाठी जागा हवी होती आणि कोर्ट आयतंच रिकामं दिसलं. गंमत म्हणजे जागेची अडचण खुद्द कप्तानांच्या स्टोअर्सचीच होती. तरी तेच जाऊन भांडले. पिंपं मागच्या शेडमध्ये रचून दाखवतो म्हणाले, हात जोडले. मॅनेजर हसले. "यंदाची लीगची शील्ड आणा. कोर्ट तुमचं. नाही आणलीत, तर पिंपं तिथेच."

ते थट्टेत बोलले असतील. पण कप्तानांनी ते मनाला लावून घेतलं. त्या मोसमात ते सकाळी कामावर येण्याआधी एकटेच कोर्टात जाऊन खेळत.

शेवटचा सामना घाटकोपरच्या एका क्लबशी, आमच्याच कोर्टावर. दोन्हीकडून पाच-पाच जण. चार लढती झाल्या तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. मी माझी हरलो होतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. शेवटची लढत कप्तानांची. समोर बँकेत काम करणारा एक काटक तरुण, कप्तानांच्या निम्म्या वयाचा. दोघे एकमेकांना दोन-तीन वर्षं ओळखत. तो त्यांना काका म्हणे.

दोन गेम कप्तानांनी घेतले, दोन त्याने. पाचव्यात नऊचा गेम आठ-आठवर आला. पॉइंट तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. सर्व्हिस कप्तानांची, म्हणजे हा पॉइंट मिळाला की सामना, शील्ड, कोर्ट, सगळंच. गॅलरीत मॅनेजर कठड्यावर ओणवे झाले होते.

रॅली लांबली. कप्तानांचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता. मग त्या तरुणाने चेंडू समोरच्या भिंतीलगत अलगद सोडला. कप्तान मागच्या कोपऱ्यातून धावले, जवळजवळ आडवे झाले आणि कसाबसा तो उचलला. चेंडू भिंतीला लागून कोपऱ्यात मेला.

तरुण जागचा हलला नाही. तो चेंडूकडे बघतच नव्हता, कप्तानांकडे बघत होता.

टप्पा मला वरून दिसला नाही. दिसला तो कप्तानांचा डावा हात. तो गुडघ्यावरून उचलला गेला, कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो चड्डीला पुसला.

पंचाने सामना आमचा म्हणून सांगितलं. गॅलरीत एकच गलका झाला. तरुणाने पुढे होऊन हस्तांदोलन केलं, "झकास उचललात, काका." कप्तान काहीतरी पुटपुटले. शील्ड त्यांच्या हाती द्यायला गेलो तर म्हणाले, "तुम्हीच धरा रे, हाताला घाम आहे."

क्वार्टर्सकडे आम्ही दोघेच चालत निघालो. फाटकाशी येऊन ते थांबले.

"डबल होता."

"कोणाचा?" मी वेड्यासारखं विचारलं.

"माझा. चांगला ठसठशीत डबल." फाटकाची कडी काढत म्हणाले, "आता सांगितलं तर कोर्ट जातं रे. एकट्याचं असतं तर..."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बसने घाटकोपरला नेलं. एकट्याने जायचा धीर होत नव्हता, असं त्यांनीच सांगितलं. त्या तरुणाच्या आईने पोहे केले. कप्तानांनी बशी मांडीवर घेतली, चमच्याला हात लावला नाही आणि सांगून टाकलं.

तरुण गोंधळला. "मला वाटलंच होतं, काका. पण तुमचा हात वर गेला नाही, तेव्हा म्हटलं आपलेच डोळे चुकले. आमची पोरं परत येताना ओरडत होती, डबल होता, डबल होता. मीच त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, असता तर त्यांनीच सांगितलं असतं."

याहून त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कप्तानांची मान खाली गेली ती वर येईना. शेवटी त्या पोरालाच अपराध्यासारखं झालं.

"काका, पोहे गार होतायत. ऐका ना. मी कोणाला काही सांगणार नाही. ते कोर्ट गेलं तर मला काय मिळणार आहे? फक्त तो पॉइंट आपण परत खेळू. आठ-आठपासून. पुढच्या रविवारी येतो मी."

तो आला. गॅलरीत मी एकटा. सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिली. कोणी कोणाला सोडत नव्हतं. पोराने मुळीच दयामाया केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि अखेर कप्तानांनी बाजूच्या भिंतीला घासून असा एक चेंडू मारला की तो पोराच्या रॅकेटला लागलाच नाही. स्वच्छ, निर्विवाद पॉइंट.

पोराने आनंदाने त्यांना मिठीच मारली. "फिटलं, काका! जिंकलात तुम्ही!"

कप्तान भिंतीला टेकून खाली बसले. रॅकेट त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे सरळ खेळूनही जमलं असतं."

पोराचं हसू मावळलं. मीही गॅलरीतून खाली उतरलो नाही.

त्यानंतर कप्तान खेळले नाहीत. संघातल्या प्रत्येकाला एकेकट्याला गाठून त्यांनी खरं काय ते सांगितलं. कोणी म्हणालं, सोडा हो. कोणी म्हणालं, संघासाठीच केलंत ना. मॅनेजरकडे कोणीच गेलं नाही. शील्ड कारखान्याच्या क्लबच्या कपाटात राहिली आणि कोर्ट कोर्टच राहिलं. सुरुवातीला कप्तान गॅलरीत येऊन बसत. खाली वाद झाला की सवयीने सगळे वर बघायचे, "कप्तान, डबल होता का?" ते उठून उभे राहायचे. "मला नका विचारू रे." हळूहळू त्यांनी तेही येणं सोडलं. काकू एकदा मला म्हणाल्या, "पाठीवरचा चुना झटकून झटकून हात दुखायचे माझे. आता पाठ कोरी असलेला शर्ट धुवायला घेतला की..." आणि आत निघून गेल्या.

निवृत्तीच्या दिवशी समारंभ संपल्यावर कप्तान कुठे दिसेनात. शोधत शोधत मी कोर्टाकडे गेलो. दाराशी हिशेब खात्यातले दोघे नवे कारकून रॅकेटी घेऊन ताटकळत उभे होते. आत कप्तान. गळ्यात हार, पायात नुसते मोजे, बूट हातात. बुटांनी लाकडी जमीन खराब होते म्हणून काढलेले. मधोमध उभे राहून ते भिंतीकडे बघत होते.

दाराशी माणसं आहेत हे लक्षात येताच ते ओशाळले. "या, या, खेळा तुम्ही. माझं काही नाही इथे."

खुज्या दारातून वाकून ते बाहेर आले. माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि चालू लागले. आत चेंडूचा आवाज सुरू झाला. बूट अजून त्यांच्या हातातच होते. घाला म्हणायचं मला सुचलं नाही. तसेच, मोज्यांनिशी खडीवरून ते फाटकापर्यंत गेले.