आत्यांचा क्रेट

कोरेगाव भीमाच्या आठवडे बाजारात शिरल्यावर पहिल्या चकरेत आत्या पिशवी उघडतच नसत. घडी घातलेली पिशवी काखेत, हात पाठीमागं आणि चाल अशी, की पाहणीला साहेब आलेत. शेजारच्या खोलीतल्या या बाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या चाळीतल्या सगळ्यांच्याच त्या आत्या होत्या.

मी वरवंडची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन इथं येईपर्यंत मेथी विकत घेतात हे मला ऐकूनच माहीत. सांगितला तो भाव देऊन मी जुडी उचलली की आत्या कपाळाला हात लावत. "अगं, भाव इचारायचा आन् म्होरं जायचं. भाजी काय पळून जाती व्हय?"

दुसऱ्या चकरेला त्या मोटारसायकलवर क्रेट बांधून आलेला शेतकरी हेरत. घरचाच माल ना, एवढं विचारत आणि अख्खा क्रेट मागत. चार खोल्यांत तो वाटून घेतला की किलोनं घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडे. मात्र बाजार उठायची वाट पाहून पडेल भावात माल उचलणं त्यांना पटत नसे. "त्याला रडकुंडीला आणून घेतल्याली भाजी ग्वाड लागत न्हाई," म्हणत. कढीपत्ता तेवढा फुकट घेत, तोही अशा हक्कानं की देणाऱ्यालाच उशीर झाल्यासारखं वाटे.

घरी आल्यावर वाटे घालायचे. नियम आत्यांचाच: जी वाटे घालील, तिनं शेवटी उरलेला उचलायचा. त्यामुळं वाटे आपोआप सारखे पडत. तराजू लागत नसे, कुरबूरही होत नसे.

मग ह्यांना कंपनीनं ब्रेक दिला, म्हणजे कंत्राट संपलं म्हणून घरी बसवलं, आणि दुसरं काम काही मिळेना. माहेरी सांगायची मला लाज. आत्यांना म्हटलं, आम्ही हल्ली भाजी कमीच खातो, या बाजारी आम्हाला धरू नका. त्यांनी ते मानलंच नाही.

"तुझ्याबिगर क्रेट परवडत न्हाई आम्हाला. पैशाचं मागनं बघू. आज वाटे तू घाल."

मी टोमॅटोचे वाटे घातले. तीन भरगच्च, टणक फळांचे; चौथा लहान, मऊ पडलेल्यांचा. उरेल तो माझा, हे ठरवूनच. पहिला मान आत्यांचा. त्या वाकल्या आणि तो चौथाच वाटा पदरात भरू लागल्या. आत्या, तो नको, असं मी घाईनं म्हटलं.

"मला आज चटणीच करायचीय," म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. बाकीच्या दोघींनी आपापला वाटा उचलला. माझ्यापुढं भरलेला वाटा राहिला. तो आत नेऊन, दार लावून मी पोटभर रडले.

ह्यांना पुढं काम लागलं. आत्या लेकाकडं दौंडला राहायला गेल्या. फोन केला की आधी टोमॅटोचा भाव विचारतात आणि मी फसले म्हणून बोल लावतात. मी ऐकून घेते. त्या दिवशी त्यांनी माझी लाज अशी अलगद झाकली, की आभार मानायलाही जागा ठेवली नाही. ते अजून मानायचेच राहिलेत.